प्रकाशाने उघडणारे नॅनोकण आणि कर्करोग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रकाशाने चालू होणारे नॅनोकण म्हणजे नेमके काय?

साधारण १०० नॅनोमीटरच्या आसपासचे हे कण शिरेतून रक्तात सोडतात. अंधारात ते शक्यतो काहीच करत नाहीत. गाठीवर ठरावीक रंगाचा प्रकाश पडला की तिथल्या कणांत बदल होतो. या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात आणि बातम्यांमध्ये त्यांची सर्रास गल्लत होते.

पहिल्या प्रकारात कणातले प्रकाशसंवेदी द्रव्य प्रकाश शोषते आणि शेजारच्या ऑक्सिजनला जहाल बनवते. या जहाल ऑक्सिजनला सिंगलेट ऑक्सिजन म्हणतात. तो पेशी मारतो, पण काही मायक्रोसेकंदांत विझतो आणि फार लांब जाऊ शकत नाही. दुसऱ्या प्रकारात कण तापतो आणि गाठ उष्णतेने जळते. सोन्याचे कण यात मोडतात. तिसऱ्या प्रकारात कण म्हणजे औषधाने भरलेली पिशवी असते आणि प्रकाशाने तिची भिंत सैल होऊन औषध बाहेर पडते. या पानावर मुख्य भर तिसऱ्या प्रकारावर आहे.

केमो नाहीतरी शिरेतूनच देतात. मग ही पिशवी आणि प्रकाश कशाला?

पिशवीतले केमो नवे नाही. डॉक्सोरुबिसिन हे जुने, प्रभावी पण हृदयाला त्रासदायक औषध. ते लायपोसोममध्ये, म्हणजे स्निग्ध पदार्थाच्या सूक्ष्म पिशवीत भरलेले 'डॉक्सिल' अमेरिकेत १९९५ साली मंजूर झाले. २०१२ मध्ये तिकडे त्याची टंचाई झाली तेव्हा सन फार्माचे 'लिपोडॉक्स' तात्पुरते आयात करावे लागले होते. पिशवीमुळे हृदयावरचा भार खूपच कमी झाला, हा खरा फायदा.

पण पिशवी इतकी मजबूत असते की गाठीपर्यंत पोहोचूनही ती औषध सावकाशच सोडते. काही पिशव्या तळहात-तळपायांच्या त्वचेत साठतात आणि तिथे लाली, सोलवटणे, आग असा त्रास होतो. त्यातही गाठीपर्यंत पोहोचणारा वाटा लहानच. २०१६ साली टोरंटोच्या वॉरन चॅन यांच्या गटाने आधीच्या दहा वर्षांतील प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र तपासले. टोचलेल्या कणांपैकी गाठीत पोहोचलेल्या कणांचा मध्यक, म्हणजे सगळ्या प्रयोगांतला मधला आकडा, ०.७ टक्के निघाला. बाकीचा मोठा वाटा यकृत आणि प्लीहा उचलतात.

प्रकाशाचा उपयोग इथे होतो. कण गाठीत शिरायची वाट न पाहता, ते गाठीच्या रक्तवाहिन्यांतून फिरत असतानाच त्यांना तिथल्या तिथे उघडायचे. सुटे औषध लहान रेणूंचे असल्याने ते ऊतीत पटकन झिरपते.

प्रकाशाने पिशवी उघडते कशी? ती वितळते का?

वितळत नाही. उष्णतेने वितळणाऱ्या पिशव्या वेगळ्या. त्या ४० ते ४२ अंश सेल्सिअसला उघडतात. इथले उदाहरण पॉर्फिरिनच्या पिशवीचे आहे. पॉर्फिरिन हा आपल्या हिमोग्लोबिनच्याच कुळातला रेणू. टोरंटोच्या गँग झेंग यांच्या गटाने तो थेट फॉस्फोलिपिडला, म्हणजे पिशवीची भिंत बनवणाऱ्या स्निग्ध रेणूला (लिपिडला), जोडून २०११ मध्ये पूर्णच्या पूर्ण पॉर्फिरिनच्या पिशव्या, 'पॉर्फिसोम', बनवल्या. त्याच कामातील जोनाथन लव्हेल यांनी पुढे बफेलो विद्यापीठात, नेहमीच्या पिशवीच्या भिंतीत थोडेच पॉर्फिरिन-लिपिड मिसळून, लाल प्रकाशाने औषध सोडणारे लायपोसोम तयार केले.

भिंतीतल्या पॉर्फिरिनवर ६६५ नॅनोमीटरचा लाल प्रकाश पडला की सिंगलेट ऑक्सिजन तयार होतो. तो भिंतीतल्या असंतृप्त लिपिडवर आणि कोलेस्टेरॉलवर हल्ला चढवतो, भिंतीची घट्ट वीण बिघडते आणि आतले औषध वाट काढते. असंतृप्त लिपिड मुद्दाम थोडे घातले तर सुटका वेगाने होते. जास्त झाले तर पिशवी रक्तात आपोआप गळू लागते आणि साठवणीत खराबही लवकर होते.

हे खरोखर ऑक्सिजनमुळे होते की उष्णतेमुळे, याची खात्री करणे सोपे आहे. नमुन्यात बारीक थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) ठेवा आणि तापमान नोंदवा. मग नायट्रोजन सोडून ऑक्सिजन हुसकावा किंवा सिंगलेट ऑक्सिजनला विझवणारे सोडियम अझाइड घाला. तापमान तेवढेच असून सुटका थांबली, तर काम ऑक्सिजनचे. ही तपासणी न करता काढलेला निष्कर्ष आम्ही मानत नाही.

प्रयोगशाळेत हे कण कसे बनवतात?

हा प्रश्न बहुतेक वेळा एम.एस्सी. किंवा पीएच.डी. करणारे विद्यार्थी विचारतात, म्हणून सविस्तर देत आहोत.

रेणूंच्या प्रमाणात एक नमुनेदार मांडणी अशी: डीएसपीसी (भिंतीचे मुख्य फॉस्फोलिपिड) ५३, कोलेस्टेरॉल ४०, पेग (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) जोडलेले लिपिड ५, पॉर्फिरिन-लिपिड २. एकूण १०० मिलिग्रॅम लिपिड १ मिलिलिटर इथेनॉलमध्ये ६० अंशांवर विरघळवा. तेवढ्याच तापमानाच्या ४ मिलिलिटर अमोनियम सल्फेटच्या द्रावणात (२५० मिलिमोलर) ते ढवळत सोडा. दुधासारखे गढूळ द्रावण मिळेल. ते एक्स्ट्रुडरमधून, नायट्रोजनच्या दाबाखाली, आधी २००, मग १००, मग ८० नॅनोमीटर छिद्रांच्या पॉलिकार्बोनेट पडद्यांतून प्रत्येकी सुमारे दहा वेळा पार करा. एक्स्ट्रुडरही ६० अंशांवरच हवा. डीएसपीसी ५५ अंशांखाली घट्ट असते. यंत्र थंड राहिले की पडदा तुंबतो, दाब वाढतो आणि शेवटी पडदा फाटतो.

आता बाहेरचे अमोनियम सल्फेट काढून टाकायचे आहे. त्यासाठी १० टक्के सुक्रोज आणि १० मिलिमोलर हेपीस (आम्लता स्थिर ठेवणारे द्रव्य) यांच्या द्रावणात डायलिसिस करा आणि द्रावण किमान दोनदा बदला. मग डॉक्सोरुबिसिन वजनाने लिपिडच्या एक-अष्टमांश घालून ६० अंशांवर तासभर ठेवा.

औषध आत जाते ते असे. पिशवीच्या आतला अमोनिया भिंतीतून बाहेर निसटतो आणि मागे आम्ल उरते. बाहेरचे डॉक्सोरुबिसिन विनाभार अवस्थेत भिंत ओलांडते, आत आले की त्याला भार मिळतो, ते सल्फेटबरोबर स्फटिकासारखे घट्ट बसते आणि परत निघू शकत नाही.

पॉर्फिरिन मिसळल्यापासून पुढचे सगळे काम मंद दिव्यात आणि भांड्यांना ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळून करायचे. शेवटी ४ अंशांवर, अंधारात ठेवा. गोठवू नका, बर्फाचे स्फटिक पिशव्या फोडतात.

औषध आतच जात नाही, किंवा आठवड्यात गळून जाते. चूक कुठे होते?

औषध आत गेले नाही तर पहिला संशय डायलिसिसवर घ्या. बाहेर अमोनियम सल्फेट उरले असेल तर आत-बाहेर फरकच राहत नाही. दुसरे कारण तापमान: पाण्याची टाकी ६० दाखवते, पण नळीतले द्रावण ५० अंशांवरच असते. नळीत थर्मामीटर घालून बघा.

गळती होत असेल तर प्रकाश तपासा. टेबलावरच्या ट्यूबलाइटखाली उघडी राहिलेली कुपी हे या कामातले सर्वांत जास्त दिसणारे कारण आहे, आणि वहीत त्याची नोंद नसल्याने महिना वाया जातो. त्यानंतर कोलेस्टेरॉलचे वजन पुन्हा मोजा.

कणांचा आकार डायनॅमिक लाइट स्कॅटरिंगने, म्हणजे कणांवरून विखुरणाऱ्या प्रकाशावरून, मोजा. सरासरी १०० नॅनोमीटरच्या जवळ आणि विखुरलेपणाचा निर्देशांक ०.१ च्या आसपास हवा. आत गेलेले औषध सेफाडेक्सच्या (आकारानुसार वेगळे करणाऱ्या जेलच्या) स्तंभाने वेगळे करून मोजा. ९५ टक्क्यांखाली आले तर तो साठा पुढच्या कामाला घेऊ नका.

सुटका मोजण्यासाठी डॉक्सोरुबिसिनची स्वतःची चमक वापरतात: ४८० नॅनोमीटरने उत्तेजित करून ५९० ला मोजायचे. आत दाटीने बसलेले औषध स्वतःची चमक दाबते, सुटले की चमकते. शंभर टक्क्यांची खूण ठरवण्यासाठी ट्रायटन (पिशव्या फोडणारे साबणासारखे द्रव्य) घालून गरम करा. नुसत्या ट्रायटनने ही घट्ट पिशवी नीट उघडत नाही आणि मग सुटका फुगवून दिसते. चाचणी पाण्यात नव्हे, ३७ अंशांवर ५० टक्के सीरममध्ये करा. पाण्यात टिकणाऱ्या कितीतरी पिशव्या सीरममध्ये तासाभरात गळतात.

प्रकाश किती खोल जातो?

सगळी मर्यादा इथे आहे. निळा प्रकाश ऊतीत जेमतेम मिलिमीटरभर जातो. ६३० नॅनोमीटरचा लाल प्रकाश उपचाराला पुरेल एवढा सुमारे ५ मिलिमीटर जातो. ८०० च्या आसपासचा, डोळ्याला जवळपास न दिसणारा प्रकाश साधारण सेंटिमीटरभर. हिमोग्लोबिन आणि मेलॅनिन यांची शोषणशक्ती ६५० नंतर कमी होते, आणि ९५० च्या पुढे पाणी प्रकाश खाऊ लागते, म्हणून काम या दोहोंच्या मध्ये करावे लागते.

सावळ्या त्वचेत मेलॅनिन जास्त. त्यामुळे त्वचेवरून प्रकाश देताना वरचा थर जास्त तापतो आणि खाली कमी पोहोचतो. गोऱ्या त्वचेवर ठरवलेला डोस आपल्याकडे जसाच्या तसा उचलू नये. गाठ खोल असेल तर प्रकाश बाहेरून देतच नाहीत. सुईतून किंवा दुर्बिणीतून बारीक ऑप्टिकल फायबर गाठीपाशी नेतात.

९८० नॅनोमीटरचा प्रकाश शोषून निळा किंवा अतिनील प्रकाश देणारे यिट्रियम-यटर्बियमचे कणही आहेत. कल्पना छान आहे, पण ९८० ला पाणी प्रकाश शोषते आणि ऊतच तापते. म्हणून निओडायमियम घालून ८०८ वर काम करणारे कण पुढे आले.

प्रकाशाचा डोस कसा मोजतात?

तीव्रता गुणिले वेळ. एका चौरस सेंटिमीटरवर १०० मिलिवॉट प्रकाश १,००० सेकंद दिला, तर १०० ज्यूल झाले. २०० मिलिवॉट ५०० सेकंद दिला तरी आकडा तोच, परिणाम मात्र तोच असेल असे नाही. तीव्रता वाढवली की ऑक्सिजन रक्तातून येण्याआधीच संपतो आणि उरलेला प्रकाश फुकट जातो. घाई असली तरी तीव्रता वाढवू नका. मध्ये थांबून थांबून प्रकाश देणे बहुधा बरे.

क्षेत्रफळाचा हिशेब हमखास चुकतो. लेसर २५० मिलिवॉट आणि ठिपक्याचा व्यास १.५ सेंटिमीटर असेल, तर क्षेत्रफळ १.७७ चौरस सेंटिमीटर आणि तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १४१ मिलिवॉट. लेसरच्या पडद्यावरचा आकडा धरू नका. फायबर आणि जोडणीत प्रकाश हरवतो, म्हणून पॉवर मीटर नमुन्याच्या जागी ठेवून मोजा.

रुग्णांच्या उपचारातील प्रत्यक्ष उदाहरण अन्ननलिकेच्या कर्करोगाचे. फोटोफ्रिन हे प्रकाशसंवेदी औषध वजनाच्या दर किलोला २ मिलिग्रॅम शिरेतून देतात, ४० ते ५० तासांनी ६३० नॅनोमीटरचा प्रकाश देतात. नळीसारख्या चारी बाजूंनी उजळणाऱ्या फायबरच्या दर सेंटिमीटर लांबीला ४०० मिलिवॉट, १२ मिनिटे ३० सेकंद. म्हणजे ३०० ज्यूल. दोन-तीन दिवसांनी पुन्हा दुर्बीण घालून मेलेली ऊत काढावी लागते. ते टाळले तर अन्ननलिका तुंबू शकते.

या कणांमुळे गाठ दिसते म्हणतात. ती कशी?

पॉर्फिरिन लाल चमकते, म्हणून गाठीत किती कण पोहोचले ते कॅमेऱ्याने दिसते. प्रकाश द्यायची वेळ त्यावरून ठरवता येते. प्रकाश दिल्यावर पॉर्फिरिन झिजते आणि चमक उतरते, त्यावरून डोस खरोखर लागला का याचाही अंदाज येतो. पॉर्फिरिनच्या पोकळीत तांबे-६४ बसवले तर पेट स्कॅनवरही दिसते. त्याचे अर्धायुष्य १२.७ तास आहे. फोटोअकॉस्टिक तंत्रात प्रकाशाची झटकी देतात, कण किंचित तापून फुगतो आणि ध्वनिलहर निघते. ती अल्ट्रासाउंडसारखी ऐकून चित्र बनते. आवाज ऊतीत कमी विखुरतो, म्हणून नुसत्या चमकेपेक्षा जास्त खोलवरचे दिसते.

शस्त्रक्रियेत आज वापरात असलेली साधने मात्र कण नसून साधे रेणू आहेत. मेंदूच्या ग्लायोमा या गाठीसाठी ५-एएलए हे औषध दर किलोला २० मिलिग्रॅम तोंडाने, भूल देण्याच्या सुमारे तीन तास आधी पाजतात आणि निळ्या प्रकाशात गाठ लालसर दिसते. इंडोसायनिन ग्रीन हा शिरेतून देण्याचा रंग १९५९ पासून वापरात आहे. रक्तात त्याचे अर्धायुष्य तीन-चार मिनिटेच असते आणि पाण्यात कालवल्यावर ते सहा तासांत वापरावे लागते. त्यात थोडे आयोडाइड असते, म्हणून आयोडीनची ॲलर्जी असेल तर आधी सांगा.

उंदराच्या पोटात सगळीकडे लाल चमक दिसते. कण आतड्यात गेले का?

बहुधा नाही, खाद्य तपासा. प्राण्यांच्या नेहमीच्या खाद्यात लसूणघास असते. तिच्यातले हरितद्रव्य ६७० नॅनोमीटरच्या आसपास चमकते, नेमके पॉर्फिरिनच्या शेजारी. चित्रणाआधी काही दिवस लसूणघास नसलेले शुद्ध खाद्य द्या. गाठीवरचे केस काढा; काळ्या उंदरांच्या त्वचेतले मेलॅनिन वेगळे धरा. आणि चार गट ठेवाच: काहीच नाही, फक्त प्रकाश, फक्त कण, दोन्ही. 'फक्त प्रकाश' गटात त्वचा भाजली असेल तर चौथ्या गटाचा निकाल कशाचा, हे सांगता येणार नाही.

सोन्याच्या कणांचे काय झाले?

राइस विद्यापीठातील नाओमी हॅलस आणि जेनिफर वेस्ट यांनी सिलिकाच्या गोळ्यावर सोन्याचे पातळ कवच चढवलेले, एकूण सुमारे १५० नॅनोमीटरचे कण बनवले. ते ८०० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतात आणि तापतात. २०१९ मध्ये प्रोस्टेटच्या १६ रुग्णांवरील पहिल्या अभ्यासाचे निकाल आले. १५ जणांत उपचार पूर्ण झाला.

सोन्याची अडचण शरीरातून जाण्याची आहे. मूत्रपिंड साधारण ५.५ नॅनोमीटरहून मोठे घट्ट कण गाळून टाकत नाही, आणि सोने यकृत-प्लीहेत राहते. यावर आयआयटी मुंबई आणि खारघरच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रातील संशोधकांनी २०१५ मध्ये एक उपाय मांडला: लायपोसोमवर सोन्याचे बारीक कण चढवायचे, म्हणजे काम झाल्यावर पिशवी मोडते आणि सोने तुकड्यांत बाहेर जाऊ शकते. हे काम उंदरांवरचे आहे.

आज रुग्णाला यातले काय मिळू शकते?

प्रकाशाने औषध सोडणारा कोणताही नॅनोकण कर्करोगासाठी अजून मंजूर नाही. हे स्पष्ट लिहिणे आम्हाला गरजेचे वाटते, कारण 'प्रकाशाने केमो, दुष्परिणाम शून्य' अशा मथळ्यांवर विसंबून लोक चालू उपचार थांबवतात. कृपया थांबवू नका.

याच्या जवळचे मंजूर उपचार आहेत. फोटोफ्रिन वर आलेच. युरोपात डोके-मानेच्या कर्करोगासाठी २००१ पासून टेमोपॉर्फिन हे प्रकाशसंवेदी औषध आहे. जपानने सप्टेंबर २०२० मध्ये अँटिबॉडीला प्रकाशसंवेदी रंग जोडलेले 'अकालक्स' मंजूर केले. दुसऱ्या दिवशी ६९० नॅनोमीटरचा प्रकाश देतात. लायपोसोममधले व्हर्टेपॉर्फिन खूप आधीपासून मंजूर आहे, पण ते डोळ्याच्या पडद्याच्या आजारासाठी: ६८९ नॅनोमीटर, ८३ सेकंद, ५० ज्यूल.

तोंडाच्या कर्करोगात हे चालेल का?

तोंडात प्रकाश थेट पोहोचतो, म्हणून वरवरच्या, पातळ गाठींसाठी ही जागा प्रकाशोपचाराला अनुकूल आहे. पण गुटखा-सुपारीमुळे ज्यांचे तोंड दोन बोटेही उघडत नाही, त्यांच्या गालाच्या मागच्या भागात फायबर काटकोनात धरताच येत नाही, प्रकाश तिरका पडतो आणि डोस असमान होतो. गाठ जबड्याच्या हाडात शिरली असेल तर प्रकाश पुरत नाही. तिथे शस्त्रक्रियाच.

कर्करोग शरीरभर पसरला असेल तर?

नाही. जिथे प्रकाश नेता येतो तिथेच हे काम करते.

उपचारानंतर उन्हात किती दिवस जायचे नाही?

औषधावर अवलंबून आहे. व्हर्टेपॉर्फिननंतर ५ दिवस, फोटोफ्रिननंतर किमान ३० दिवस, काहींना ९०. सनस्क्रीन लावून भागत नाही, कारण ती अतिनील किरणे अडवते आणि इथे दिसणारा प्रकाश नडतो. घट्ट विणीचे गडद कपडे, पूर्ण बाह्या, हातमोजे, रुंद टोपी, गडद गॉगल. खिडकीतून येणारे ऊन, दंतवैद्याचा दिवा, शस्त्रक्रियेचा दिवा हेही टाळा. रुग्णालयात पल्स ऑक्सिमीटरची जागा थोड्या थोड्या वेळाने बदलायला सांगा, कारण त्याचाही प्रकाश एकाच जागी पडत राहतो.

पण अंधाऱ्या खोलीत कोंडून घेऊ नका. घरातला साधा, मंद प्रकाश त्वचेतले औषध हळूहळू झिजवतो, तो हवाच. तीस दिवसांनंतर चेहरा सोडून त्वचेचा लहानसा भाग १० मिनिटे उन्हात धरा. २४ तासांत लाली, सूज, फोड आले नाहीत तर हळूहळू बाहेर पडा; आले तर आणखी दोन आठवडे थांबून पुन्हा बघा.

पॉर्फिरिया (शरीरात पॉर्फिरिन साचण्याचा आजार) असलेल्यांनी, आणि गाठ मोठ्या रक्तवाहिनीत शिरली असेल त्यांनी, हा उपचार घेऊ नये.

घरी लाल एलईडी दिवा लावून गाठ कमी होते का?

नाही. औषधाशिवाय त्या प्रकाशाचा गाठीवर उपचार म्हणून उपयोग नाही.

कुणी 'नॅनो-लेझर थेरपी'ची चाचणी चालू आहे म्हणून पैसे मागत असेल तर?

आधी सीटीआरआयचा, म्हणजे भारतातील वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक मागा. भारतात १५ जून २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची ही नोंदणी सक्तीची आहे आणि ती संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. त्या नोंदीत रुग्णालयाचे नाव, आजाराचा टप्पा आणि नैतिक समितीची मान्यता जुळते का पाहा. खऱ्या चाचणीत प्रायोगिक औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. २०१९ च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत मिळतात. नॅनो-औषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वेही भारतात २०१९ मध्येच आली.

संमतिपत्र मराठीत मागा, घरी नेऊन वाचा आणि तीन गोष्टी विचारा: प्रकाश कोणत्या रंगाचा आणि किती ज्यूल, तो माझ्या गाठीच्या तळापर्यंत पोहोचतो हे कशावरून, आणि नेहमीचा उपचार त्यामुळे किती दिवस लांबेल. क्रमांक नसेल आणि पैसे मागत असतील तर तिथून निघा आणि आपल्या नेहमीच्या कर्करोगतज्ज्ञाला कळवा.